कारखान्याच्या आवारातील पावसाचे पाणी दूषित होऊ नये म्हणून काय करावे: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

कारखान्यातील प्रक्रियेचे सांडपाणी नळाने शुद्धीकरण केंद्रात जाते, तेथे त्याची तपासणी होते आणि त्याच्या नोंदी राहतात. त्याच आवारात छपरावर, रस्त्यावर, भंगाराच्या ढिगावर आणि ड्रमांच्या रांगेवर पडणारे पावसाचे पाणी मात्र बहुतेक ठिकाणी उघड्या गटारातून, कोणतीही प्रक्रिया न होता, थेट नाल्यात किंवा नदीत जाते. वाटेत त्याला जे भेटते ते सर्व ते बरोबर नेते: तेल, गाळ, धातूंचे कण, रंगाचे अवशेष, सांडलेली भुकटी. बाहेरून पाहणाऱ्याला ते निव्वळ पावसाचे पाणी वाटते, आणि आत काम करणाऱ्यांनाही वाटते, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

तुमच्याकडे कारखान्याच्या पर्यावरण, सुरक्षितता किंवा देखभाल विभागाची जबाबदारी नुकतीच आली असेल, तर हे काम कोठून सुरू करावे असा प्रश्न तुम्हाला पडणारच. लहान-मोठ्या अनेक आवारांत हे काम केल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे: घाण झालेले पावसाचे पाणी स्वच्छ करण्याच्या मागे लागण्याआधी, ते घाण होणार नाही याची व्यवस्था करावी. यामागे साधा हिशेब आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. छप्पर आणि पक्की जमीन मिळून ५,००० चौरस मीटर असेल आणि एका सरीत ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यातील दहावा हिस्सा मुरला किंवा सुकला असे धरले तरी सव्वादोन लाख लिटर पाणी वाहून जाते, तेही कधी कधी तास-दोन तासांत. इतक्या पाण्यावर इतक्या घाईने प्रक्रिया करणारी यंत्रणा उभारणे फार थोड्यांना परवडते. त्या पाण्याच्या वाटेतून चार ड्रम हलवणे मात्र कोणालाही जमते.

आरंभी जवळ असावी अशी कागदपत्रे

आवाराचा मोजमापासहित आराखडा, गटारे आणि भूमिगत नळ दाखवणारी जुनी-नवी रेखाचित्रे, साठवलेल्या प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक, टाक्यांची यादी त्यांच्या क्षमतेसह, प्रदूषण नियंत्रण यंत्रणेकडून मिळालेल्या संमतिपत्राची किंवा परवान्याची प्रत, आणि मागील काही वर्षांतील सांडण्याच्या किंवा गळतीच्या घटनांच्या नोंदी एकत्र करा. संमतिपत्र स्वतः वाचा. कोणाकडून ऐकून काम भागवू नका. पावसाच्या पाण्याविषयीच्या अटी बहुधा शेवटच्या पानांवर एक-दोन ओळींत असतात आणि त्या सहज नजरेतून सुटतात.

साधने फारशी लागत नाहीत. गमबूट, रेनकोट, विजेरी, मोजपट्टी, चेंबरचे झाकण उचलण्याची आकडी, पाण्यात मिसळणारा निरुपद्रवी रंग, सामूमापक (पाण्याची आम्लता-अल्कता, म्हणजे pH, मोजणारे साधन), पारदर्शक बाटल्या, पर्जन्यमापक आणि कॅमेरा असलेला फोन एवढ्यावर पहिले काही महिने निघतात.

१. प्रत्येक गटार कोठे जाते ते स्वतः शोधा

आराखड्याची मोठी प्रत घेऊन आवारभर फिरा आणि प्रत्येक जाळी, चेंबर, पन्हाळीचा नळ, उघडी नाली आणि हद्दीबाहेर पाणी सोडणारे प्रत्येक तोंड त्यावर मांडा. जमिनीचा उतार बाणांनी दाखवा. मग प्रत्येक बाहेरच्या तोंडापाशी आवाराच्या कोणत्या भागाचे पाणी येते, त्याची हद्द आखा. पुढील प्रत्येक निर्णय या हद्दींवर ठरतो.

येथे पहिला सापळा आहे. जुन्या कारखान्यांमध्ये रेखाचित्र आणि प्रत्यक्ष यांचा मेळ क्वचितच बसतो. वाढीव शेड बांधताना कोणीतरी हात धुण्याच्या बेसिनचा नळ जवळच्या पावसाळी गटारात सोडलेला असतो. कॉम्प्रेसरमधून निघणारे तेलकट पाणी, बॉयलरमधून वेळोवेळी बाहेर सोडलेले पाणी (ब्लोडाउन) किंवा कूलिंग टॉवरचे ओसंडून वाहणारे पाणी त्याच वाटेने जात असते. हे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण अशी की, कित्येक दिवस पाऊस झालेला नसताना पावसाळी गटारात पाणी वाहत असेल, तर ते पावसाचे नाही. असे पाणी दिसले की त्याचा उगम सापडेपर्यंत थांबू नका.

शंका असलेल्या बेसिनमध्ये, संडासात किंवा फरशीवरील जाळीत थोडे रंगीत पाणी ओता, भरपूर साधे पाणी सोडा आणि खालच्या चेंबरपाशी एका माणसाला उभे करा. रंग कोणत्या चेंबरमध्ये उतरतो ते पाहिले की वाद संपतो. हिरवट पिवळा फ्लुओरेसीन या कामासाठी सर्रास वापरतात. चाचणीपूर्वी प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला आणि गटाराच्या खालच्या बाजूच्या शेजाऱ्यांना कळवा, नाहीतर नाल्याला हिरवे पाणी आल्याची तक्रार तुमच्यावरच येईल. एकाच दिवशी दोन ठिकाणी तोच रंग ओतू नका. कोणता रंग कोठून आला हे मग कोणालाच सांगता येत नाही.

चुकीची जोडणी सापडली तर ती तोडून सांडपाण्याच्या वाहिनीला जोडणे हाच उपाय आहे. कोरड्या दिवसांतही वाहणारा तो नळ तसाच राहिला, तर खालच्या बाजूला बसवलेले गाळणे किंवा तेल अडवणारे चेंबर काही उपयोगाचे ठरत नाही.

२. पाऊस पडत असताना आवारात फिरा

या पायरीला पर्याय नाही, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. उन्हात पाहणी करणाऱ्याला ड्रम नीट मांडलेले दिसतात, गटार कोरडे दिसते, सर्व काही ठीक वाटते. पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासात त्याच जागी उभे राहिले की चित्र बदलते. शेडच्या कडेची पागोळी नेमकी भंगाराच्या पेटीत पडताना दिसते. पेटीच्या तळाच्या फटीतून धातूच्या कीसाबरोबर आलेले कूलंट (कापकाम करताना हत्यार थंड ठेवणारा द्रव) पांढुरक्या दुधासारखे पाझरते आणि फरशीच्या उताराने जाळीकडे सरकते. पन्हाळ तुंबल्याने पाणी भिंतीवरून उतरून कच्च्या मालाच्या पोत्यांखाली शिरते. इंधन भरण्याच्या जागेवरून इंद्रधनुषी तवंग वाहत येतो. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत वाहून जाते आणि नंतर फक्त ओली जमीन उरते.

पहिल्या पावसाला विशेष महत्त्व आहे. कोरड्या काळात छपरांवर आणि रस्त्यांवर साठलेली धूळ, तेल आणि धातूंचे कण सुरुवातीच्या पाण्याबरोबर एकदम निघतात, त्यामुळे त्या पाण्यात दूषितके सर्वाधिक असतात. मोठ्या आणि गुंतागुंतीच्या आवारात प्रत्येक वेळी असेच घडेल असे नाही, कारण लांबच्या कोपऱ्यातील घाण उशिरा पोहोचते. तरीही दीर्घ उघडिपीनंतर पहिली सर येईल तेव्हा तुम्ही बाहेर असायला हवे. प्रत्येक तोंडापाशी पारदर्शक बाटलीत पाणी घ्या, उजेडाकडे धरून त्याचा रंग, गढूळपणा, वास, फेस, तवंग आणि तरंगणारा कचरा पाहा, आणि वेळ लिहून फोटो काढा. प्रयोगशाळेच्या अहवालाआधी ही बाटलीच तुम्हाला पुष्कळ सांगते.

तवंग दिसला की तो तेलाचाच असेल असे धरून चालू नका. साचलेल्या पाण्यात लोहजीवाणूंचाही चमकदार पापुद्रा येतो. काडीने तो हलवून पाहा. जीवाणूंचा पापुद्रा काचेच्या तुकड्यांसारखा फुटतो आणि ते तुकडे वेगळे राहतात. तेलाचा तवंग काडीभोवती फिरतो आणि लगेच पुन्हा एक होतो.

३. पावसाच्या वाटेत काय काय आहे याची यादी करा

आता पहिल्या पायरीत आखलेल्या प्रत्येक हद्दीत उघड्यावर असलेल्या वस्तू आणि कामे लिहा. कच्चा माल, तयार माल, भंगार, राख, कचरापेट्या, टाक्या, इंधन भरण्याची जागा, वाहने धुण्याची जागा, चढ-उताराचे धक्के, बंद पडलेली यंत्रे, वापरलेल्या बॅटऱ्या, सर्व काही त्यात यावे. प्रत्येकासमोर त्यातून काय निघू शकते आणि ते कोणत्या जाळीकडे जाते, हे लिहा.

काही उगम डोळ्यांना दिसत नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यांवरून येणाऱ्या पाण्यात जस्त असते, आणि जस्त जलचरांना अल्प प्रमाणातही घातक ठरते. पत्रे जुने आणि गंजलेले असतील तर त्यांना रंगाचा थर देणे हा पुष्कळदा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. ब्रेकच्या पॅडमधून तांबे झिजते. टायरांच्या झिजेतूनही जस्त येते आणि त्याबरोबर आणखीही काही येते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील ओढ्यांमध्ये पावसानंतर कोहो सामन मासे अंडी घालण्यापूर्वीच का मरतात, याचे कारण २०२० साली संशोधकांना सापडले: टायर टिकावेत म्हणून घातल्या जाणाऱ्या ६पीपीडी या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन तयार होणारे ६पीपीडी-क्विनोन. त्यामुळे फोर्कलिफ्टच्या वळणावर साठणारी काळी भुकटी केवळ धूळ समजू नये. ती झाडून गोळा करावी.

छपरावर चढून पाहणेही आवश्यक आहे. एक्झॉस्ट पंख्यांच्या तोंडाभोवती चिकट काळे डाग असतील, किंवा बॅगफिल्टरच्या (हवेतील भुकटी कापडी पिशव्यांत अडवणाऱ्या यंत्राच्या) खाली भुकटीचे थर असतील, तर ते सर्व पन्हाळीतून गटारात जाणार आहे. छपराचे पाणी स्वच्छच असते हे गृहीत धरणे हा नेहमीचा सापळा आहे.

४. झाकता येईल ते झाका, वळवता येईल ते पाणी वळवा

यादी तयार झाली की प्रत्येक नोंदीसमोर याच क्रमाने विचार करा: ही वस्तू येथे असणे आवश्यक आहे का? नसेल तर हलवा. आवश्यक असेल तर छपराखाली नेता येईल का? तेही शक्य नसेल तर झाकता येईल का? आणि झाकणेही शक्य नसेल, तर वरच्या बाजूचे स्वच्छ पाणी तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी वळवता येईल का?

शेड बांधताना छपराची कड साठवणीच्या जागेच्या पुढे पुरेशी आलेली असावी. वाऱ्याबरोबर पाऊस तिरका येतो आणि कडेची रांग भिजते. शेडच्या आतली जमीन बाहेरच्यापेक्षा थोडी उंच ठेवा किंवा प्रवेशापाशी गाडी चढू शकेल असा उंचवटा करा, म्हणजे बाहेरचे पाणी आत येत नाही आणि आत सांडलेले बाहेर जात नाही. ताडपत्री हा तात्पुरता उपाय आहे. ती बांधलेली असेल, तिच्यावर पाणी साचणार नाही असा ढाळ असेल आणि तिच्या कडा ढिगाच्या पायथ्याशी जमिनीवर टेकलेल्या असतील, तरच ती कामाची. भंगाराच्या पेट्यांना झाकणे बसवा, ती काम नसताना बंद राहतील अशी शिस्त लावा आणि पेटीच्या तळाच्या छिद्राचे बूच जागेवर आहे का ते पाहा. हे बूच हरवलेले नाही अशी पेटी मला क्वचितच पाहायला मिळते.

कोरडी झाडलोट ठरावीक दिवशी व्हावी आणि पावसाचा अंदाज असेल तर आधीच व्हावी. जमीन पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन ते पाणी गटारात सोडणे म्हणजे आपल्या हातांनी पहिला पाऊस पाडणे होय.

५. टाक्या आणि त्यांच्याभोवतीच्या बंडभिंती

टाकी फुटली तर आतला द्रव अडवण्यासाठी तिच्याभोवती भिंत बांधलेली असते; ती बंडभिंत, आणि तिने वेढलेली जागा म्हणजे बंड. तिची धारणक्षमता सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के असावी हा सर्वत्र वापरला जाणारा ठोकताळा आहे. तुमच्या नियमांत वेगळा आकडा असेल तर तो पाळा. पण हा आकडा कागदावर पूर्ण होणे पुरेसे नाही, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल.

समजा, २५,००० लिटरची एकच टाकी आहे आणि तिच्याभोवतीची भिंत आतून १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच आहे. तिच्यात ३०,००० लिटर मावतात, म्हणजे ११० टक्क्यांची अट सहज पूर्ण होते. आता १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि ते पाणी कोणी काढले नाही, तर ६,००० लिटर जागा आधीच भरली. उरली २४,००० लिटर. भरलेली टाकी त्या रात्री फुटली तर भिंत ओसंडून वाहणार. त्यामुळे बंडमधील पावसाचे पाणी वेळच्या वेळी काढणे हा सुरक्षिततेचाच भाग आहे. एकाहून अधिक टाक्या असतील तर न फुटलेल्या टाक्यांचे तळ आणि सर्व चौथरे यांनी व्यापलेली जागाही एकूण क्षमतेतून वजा करावी लागते.

आता ते पाणी कसे काढावे याविषयी. बंडच्या तळाशी निचऱ्याचा व्हॉल्व्ह असेल तर तो कायम बंद आणि कुलूपबंद असावा. उघडा राहिलेला व्हॉल्व्ह असला की बंडभिंत असून नसल्यासारखीच. पाणी सोडण्यापूर्वी तवंग, रंग आणि वास पाहा, सामू मोजा, साठवलेल्या द्रवानुसार आवश्यक ती चाचणी करा. पाणी दूषित आढळले तर ते शुद्धीकरण केंद्राकडे पाठवा किंवा अधिकृत विल्हेवाट करणाऱ्याकडे द्या. स्वच्छ असेल तर माणूस तेथे उभा असतानाच सोडा आणि व्हॉल्व्ह बंद केल्याची वेळ सहीसह लिहा. पावसाच्या गडबडीत व्हॉल्व्ह उघडून चहाला गेलेला माणूस ही अनेक दुर्घटनांची सुरुवात असते.

भिंतींतील तडे, नळ बाहेर पडतो तेथील फट आणि तळाच्या काँक्रीटचे सांधे वर्षातून एकदा तरी तपासा. टाकी भरण्याचे तोंड बंडच्या आत येते का हेही पाहा. टँकरची नळी सोडताना जे सांडते ते बंडच्या बाहेर सांडत असेल, तर एवढी भिंत बांधूनही रोजची गळती गटारातच जाते.

६. चढ-उतार, इंधन भरणे आणि धुण्याची कामे

माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यावर छप्पर असावे, आणि जवळच्या जाळीवर काम सुरू होण्याआधी रबरी चटई अंथरली जावी. इंधन भरण्याची जागा काँक्रीटची असावी, कारण डांबर तेलाने मऊ पडते आणि तेल शोषून घेते. तिच्या कडेने नाली काढून ती तेल वेगळे करणाऱ्या चेंबरला जोडा. गळणाऱ्या वाहनांखाली ट्रे ठेवा, पण पावसात उघड्यावर ठेवलेला ट्रे पाण्याने भरून वाहतो आणि आतले तेल सर्वांत आधी बाहेर पडते, हे ध्यानात असू द्या.

वाहने आणि यंत्रे धुण्याचे पाणी हे प्रक्रियेचे सांडपाणी आहे. त्याला पावसाळी गटारात कोठेही स्थान नाही. जैवविघटनशील साबण वापरतो म्हणून चालेल, असे उत्तर तुम्हाला ऐकायला मिळेल. तसा साबणही पाण्यातील प्राणवायू खर्च करतो आणि तेलाचे सूक्ष्म थेंब करून ते पाण्यात मिसळवतो, त्यामुळे हे उत्तर मान्य करू नका.

७. सांडलेले आवरण्याची तयारी

सांडण्याच्या घटना टाळता येतात, पण सर्वच टाळता येत नाहीत. शोषक पट्ट्या, मोज्यासारख्या लांब शोषक गुंडाळ्या, पिशव्या, हातमोजे आणि जाळी झाकण्याची चटई असलेला संच जेथे सांडण्याची शक्यता आहे तेथेच ठेवा. कुलूपबंद भांडारात ठेवलेला संच घटनेच्या वेळी मिळत नाही. तेलासाठीच्या पांढऱ्या पट्ट्या पाणी शोषत नाहीत आणि तरंगतात, म्हणून पावसात तेल सांडले तर त्याच लागतात. आम्ल-अल्कलींसाठी त्या त्या रसायनाला चालणारे शोषक हवे. ज्वलनशील द्रवावर आणि नायट्रिक आम्लासारख्या प्रबळ ऑक्सिडीकारकावर लाकडाचा भुसा कधीही टाकू नये.

कामगारांना क्रम पाठ हवा: आधी स्वतःची सुरक्षितता, मग गळती थांबवणे, मग जाळी झाकणे, मग भोवती बांध घालून शोषून घेणे, आणि वापरलेले शोषक घातक कचरा म्हणून बाजूला ठेवणे. पाण्याच्या नळीने धुऊन टाकणे ही प्रतिक्षिप्त सवय मोडायला वेळ लागतो. प्रत्येक जाळीशेजारी ठळक रंगात ‘हे पाणी थेट नदीत जाते’ असे लिहिले, तर ती लवकर मोडते. माझ्या मते खर्चाच्या मानाने याहून गुणकारी उपाय दुसरा नाही. अक्षरे पुसट झाली की पुन्हा रंगवा.

आगीच्या पाण्याचा विचार येथेच करा. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बासेलजवळच्या श्वायट्सरहाले येथे सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. ती विझवण्यासाठी मारलेले पाणी कीटकनाशके आणि रंग घेऊन गटारांतून ऱ्हाइन नदीत उतरले. नदी लाल झाली आणि शेकडो किलोमीटरपर्यंतचे ईल मासे मेले. आग विझवणाऱ्यांना पाणी मारावेच लागते. ते पाणी अडवण्यासाठी बाहेरच्या प्रत्येक तोंडापाशी बंद करता येणारा दरवाजा किंवा फुगवून बसवण्याचा गोळा असावा, तो कोणी बंद करायचा हे ठरलेले असावे, आणि वर्षातून एकदा तो खरोखर बंद होतो का हे पाहावे. गंजून अडकलेला दरवाजा मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

८. उरलेल्या पाण्यासाठी गाळ आणि तेल अडवणारी व्यवस्था

वरील सर्व करूनही जे पाणी दूषित होते, त्याच्यासाठीच यंत्रणा उभारा. त्यात गाळाचा हौद आणि तेल वेगळे करणारे चेंबर हे दोन प्रकार सर्वाधिक आढळतात, आणि दोघांच्याही मर्यादा विक्रेते सहसा सांगत नाहीत.

गाळ बसण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खोली सुमारे दोन मिनिटांत उतरतो, ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला स्थिर पाण्यात तेवढ्यासाठी तीन दिवस लागतात. त्यामुळे हौदाने वाळू अडते, पण धातू ज्यांना चिकटलेले असतात ते बारीक कण बरेचसे निसटतात. त्यासाठी गाळण, गवती नाली किंवा दीर्घकाळ पाणी थांबेल असे तळे लागते. जमिनीत पाणी मुरवण्याचा मोह येथे होतो. औद्योगिक आवारातील दूषित पाणी मुरवले तर दूषितके भूजलात जातात, आणि तेथून ती काढणे फार कठीण असते. स्वच्छ छपराचे पाणी तेवढे वेगळ्या वाटेने मुरवावे.

तेल वेगळे करणारे चेंबर केवळ तरंगणारे तेल अडवते. साबणाने किंवा पंपाने घुसळून पाण्यात मिसळलेले तेल त्यातून सरळ निघून जाते. म्हणून त्याच्या आधी साबणाचे पाणी येऊ देऊ नका आणि पाणी शक्यतो उताराने आणा. साठलेले तेल आणि गाळ वेळेवर काढला नाही, तर जोरदार पावसात तेच एकदम बाहेर फेकले जाते. जाळीत बसवण्याच्या गाळणपिशव्यांचेही तसेच आहे: भरलेली पिशवी जाळी तुंबवते, मग पाणी साचू नये म्हणून कोणीतरी ती फाडतो. देखभाल करणारा माणूस नेमलेला नसेल, तर त्या घेऊच नयेत असे मी सुचवेन.

९. नमुने घेणे

नमुना कोठे, कधी आणि किती वेळा घ्यायचा हे तुमच्या परवान्यात असेल तर तेच पाळावे. नसेल, तर पाणी वाहू लागल्यापासून पहिल्या ३० मिनिटांत आणि आधीच्या पावसानंतर किमान ७२ तासांनी नमुना घेण्याची अमेरिकेतील पद्धत चांगली आहे. तेथील औद्योगिक परवान्यात निलंबित घन पदार्थांसाठी (पाण्यात तरंगत राहिलेल्या कणांसाठी) १०० मिलिग्रॅम प्रति लिटर, रासायनिक प्राणवायू मागणीसाठी (पाण्यातील दूषितकांच्या ऑक्सिडीकरणाला किती प्राणवायू लागेल त्याच्या मापासाठी) १२० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि सामूसाठी ६ ते ९ असे तुलनेचे आकडे वापरले जातात. आकडा ओलांडला की तो तेथे आपोआप नियमभंग ठरत नाही. उपाययोजना पुन्हा तपासण्याची सूचना म्हणून तो वाचला जातो. स्वतःच्या आवारातही आकड्यांकडे याच दृष्टीने पाहावे.

नमुना घेताना होणारे घोटाळे ठरलेले असतात. जस्ताच्या बादलीने पाणी काढले तर अहवालात जस्त येते. बाटली गटाराच्या तळाला टेकली तर जुना गाळ ढवळला जातो. तेल-ग्रीसचा नमुना काचेच्या बाटलीत थेट वाहत्या धारेतून घ्यावा, कारण तेल प्लास्टिकला आणि बादलीच्या कडांना चिकटून राहते. ही बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळू नये. सामू जागेवरच, पंधरा मिनिटांच्या आत मोजावा. बाकीच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवाव्यात आणि कोणत्या बाटलीत कोणते आम्ल आधी घातलेले आहे हे प्रयोगशाळेकडून लिहून घ्यावे. शेजारच्या आवाराचे पाणी मिसळण्यापूर्वीच्या जागी नमुना घ्या. शेजारच्यांचे पाणी तुमच्या हद्दीत येत असेल तर त्याचाही वेगळा नमुना ठेवा. पाऊस केव्हा सुरू झाला, किती पडला, नमुना किती वाजता घेतला आणि कोणी घेतला, हे नसेल तर अहवालाला अर्थ राहत नाही.

१०. पाहणी, नोंदी आणि बदल

पावसाळ्यापूर्वी गटारे, पन्हाळी आणि चेंबर साफ करून घ्या. काढलेला गाळ गटाराच्या काठावर ठेवू नका, तो पहिल्याच सरीत परत आत जातो, आणि त्यात तेल किंवा धातू असतील तर त्याची विल्हेवाट घातक कचऱ्याच्या नियमांनुसार लावा. त्यानंतर महिन्यातून एकदा ठरावीक तक्त्यानुसार आणि दर तिमाहीत एकदा प्रत्यक्ष पावसात पाहणी करा. तक्त्यात नुसती बरोबरची खूण नको. काय दिसले, ते कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करायचे आणि प्रत्यक्ष केव्हा झाले, यासाठी रकाने हवेत. एकच त्रुटी लागोपाठ तीन पाहण्यांत आली, तर ती तक्त्यातून उचलून वरिष्ठांसमोर लेखी ठेवा.

कंत्राटदारांना यातून वगळू नका. रंगकाम करणारे ब्रश कोठे धुतात, काँक्रीट ओतणारे मिक्सर कोठे रिकामा करतात, हे कामाच्या आदेशातच लिहिलेले असावे. सिमेंटचे पाणी तीव्र अल्कधर्मी असते आणि त्याने मासे मरतात.

नवी शेड, नवे यंत्र, नवे रसायन किंवा साठवणीची नवी जागा यांना मंजुरी देणाऱ्या फॉर्ममध्ये ‘पावसाचे पाणी यावरून कोठे जाईल?’ असा एक रकाना घालून घ्या आणि तो भरल्याशिवाय सही होणार नाही अशी व्यवस्था करा. बदल झाला की त्याच आठवड्यात पहिल्या पायरीतील नकाशावर तो चढवा, जुनी प्रत तारखेसह फाइलमध्ये ठेवा आणि नवी प्रत सुरक्षारक्षकाच्या चौकीत लावा, कारण रात्री-अपरात्री काही सांडले तर बाहेरचे कोणते तोंड बंद करायचे हे सर्वांत आधी त्यालाच कळायला हवे.